वीस अंशांची खोली

३ नोव्हेंबर

आगारातून निवृत्त होताना भांडारातून दोन कोरी लॉगबुकं उचलून आणली होती. याला चोरी म्हणायची नाही. चौतीस वर्षं ज्याने बसगाड्यांची इंजिनं सांभाळली त्याला दोन वह्या जड नाहीत. आज पहिली उघडली, कारण एक काम हाती घेतलं आहे, आणि ज्याची नोंद नाही ते काम नव्हे, त्या गप्पा.

परिस्थिती अशी. हिची बोटं थंडीत आखडतात. ही रफू करते. चांगल्या चांगल्या कोटांना पडलेली भोकं अशी बुजवते की मागाहून कोटाच्या मालकालाही सापडत नाहीत. गेल्या हिवाळ्यात सुईत दोरा ओवतानाच तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. डॉक्टर म्हणाले, औषध देतो, पण ती बसते ती खोली वीस अंशांच्या खाली जाऊ देऊ नका. आमची कामाची खोली भर दुपारी अकरा अंश.

उतारावरची आमची शेवटची गल्ली. थंडी पडली की रोज अकरा ते पाच वीज नसते. माझा जनरेटर आहे, जुन्या टेंपोच्या डिझेल इंजिनावर मीच बांधलेला. दिवे, इस्त्री, शिलाईचं यंत्र सगळं चालवतो. पण विजेची शेगडी लावली की धापा टाकतो.

काल हिच्या थोरल्या बहिणीचा, अक्कांचा, फोन आला. "तिला माझ्याकडे पाठवून द्या. इकडे ऊन आहे. चार महिने राहील." चार महिने! मी हिला विचारलं, "तू जाणार?"

"बोटं चालली नाहीत तर इथे बसून मी करू काय? तुम्ही तर दिवसभर शेडमध्ये."

मी म्हटलं, महिनाअखेर खोली वीस अंशांवर आणून दाखवतो. नाही आणली तर स्वतः गाडीत बसवून देतो. "बरं," म्हणाली. अक्का सत्तावीस तारखेला परीक्षा घ्यायला येणार आहेत. हातात चोवीस दिवस.

४ नोव्हेंबर

काखेत कळसा नि गावाला वळसा! सकाळपासून कागदावर शेगड्यांचे हिशेब करत होतो. दुपारी ही शेडमध्ये आली, धुतलेली लोकरीची लडी रेडिएटरसमोरच्या तारेवर टाकली आणि म्हणाली, "इथे दहा मिनिटांत वाळतं. एवढी ऊब तुम्ही कोणासाठी ठेवलीये?" आणि गेली.

त्यानंतर थोड्याच वेळात मला कल्पना सुचली. इंजिनात लिटरभर डिझेल जळतं त्यातलं जेमतेम पाव विजेत जातं. बाकीचं रेडिएटरच्या गरम पाण्यातून आणि सायलेन्सरच्या धुरातून आकाशाला अर्पण. आम्ही इकडे कुडकुडतोय आणि मी तिकडे पाखरांना शेकोटी देतोय. ही ऊब भिंतीपलीकडे नेली की काम फत्ते. भिंत एकच आहे, शेड आणि कामाच्या खोलीच्या मधली.

संध्याकाळी हिला माझी कल्पना नीट समजावून सांगितली. तिने ऐकून घेतली.

९ नोव्हेंबर

पाच दिवस पाण्याच्या मार्गाने गेलो. इंजिनाचं गरम पाणी नळीने खोलीत, तिथे भंगारातला एक रेडिएटर, तिथून थंड होऊन परत. बसगाड्यांत हेच असतं. आज चालू केलं. पंप दमला, एका जोडावर पाणी फुटलं आणि नेमकं शिलाईच्या टेबलावर. कोणा वकिलाचा काळा कोट. हिने तो उचलला, पिळला, हँगरला लावला. ओरडली असती तर बरं झालं असतं.

खोली १२. बोटं वाईट.

११ नोव्हेंबर

पाण्याचा मार्ग लांबचा. चांगला पंप हवा, जाड नळ्या हव्यात, त्या इथे मिळत नाहीत. आणि रेडिएटरचा पंखा आयती गरम हवा फेकतोच आहे. ती सरळ पत्र्याच्या नळातून भिंतीपलीकडे सोडली की झालं. ना पंप, ना गळती. एवढं सोपं आधी का सुचलं नाही? डोकंही माझ्याबरोबर निवृत्त झालं की काय.

१४ नोव्हेंबर

माझा मित्र पत्र्या (धंद्याने पत्रेकाम, म्हणून पत्र्या, चाळीस वर्षांची दोस्ती) आज मापं घेऊन गेला. नळ दीड फूट रुंद, मध्ये झडप. जाताना म्हणाला, "ही हवा इंजिनावरून येणार ना रे?"

"इंजिनावरून नाही, रेडिएटरमधून."

"पण पंखा ओढतो कुठून?"

"पत्र्या, तू पत्रा काप. इंजिन मी बघतो."

हसला आणि गेला. उंटावरून शेळ्या हाकायला सगळ्यांना येतं.

१७ नोव्हेंबर

साडेएकोणीस! अकरा वाजता इंजिन चालू केलं, साडेबाराला खोली साडेएकोणीस. मी तीनदा थर्मामीटर झटकून पाहिला. हिने सुई उजेडात धरली आणि पहिल्या फटक्यात दोरा ओवला. माझ्याकडे पाहून हसली. असं हसताना तिला कधी शेवटचं पाहिलं ते आठवत नाही. मी शेडमध्ये जाऊन उगाच नटबोल्ट आवळत बसलो.

अक्कांना फोन करून आकडा सांगितला. "बघू," म्हणाल्या. हवामान खात्याचा अंदाज नेहमी असाच असतो.

२० नोव्हेंबर

खिडकीच्या फटींतून ऊब पळत होती. आज सगळ्या फटींना रबराच्या पट्ट्या ठोकल्या, दाराखाली कापडाची गुंडाळी. आता मुंगी आत यायची तर तिला आधी विचारावं लागेल. खोली २१. वकिलाचा कोट पुरा झाला, भोक मलाही सापडलं नाही.

दुपारी ही यंत्रावरच डोकं टेकून तासभर झोपली. कधी दुपारची झोपत नाही. उबेत शरीर सैल होतं.

२३ नोव्हेंबर

हिचं डोकं दुखतंय, तीन दिवस. चष्म्याचा नंबर वाढला असणार. बोटं चालायला लागल्यापासून राहिलेलं सगळं बारीक काम काढून बसली आहे. डोळ्यांनी किती सोसायचं? उद्या रविवार, सोमवारी चष्मेवाल्याकडे नेतो. माझं वीस अंशांचं काम पूर्ण आहे, आता किरकोळ दुरुस्त्याच राहिल्या.

२४ नोव्हेंबर

आज वीज गेलीच नाही. इंजिन बंद, बिलाच्या भीतीने ही शेगडी लावू देत नाही, खोली १३. ही शाल गुंडाळून बसली, बोटं आखडलेली, पण डोकं अजिबात दुखलं नाही. गुणगुणत होती. बघा, एक दिवस बारीक काम केलं नाही तर लगेच फरक. चष्माच.

२५ नोव्हेंबर

चष्मेवाला म्हणतो नंबर तोच आहे. त्याचंच यंत्र जुनं दिसलं. दुसरीकडे दाखवायला हवं.

२७ नोव्हेंबर

अक्का आल्या. दारातच म्हणाल्या, "काय यंत्रमहर्षी, कुठे आहे तुमचं ऊन?" मी त्यांना थर्मामीटरसमोर नेऊन उभं केलं. एकवीस. काही बोलल्या नाहीत, म्हणजे जिंकलो.

पण खोलीत तासभर बसल्यावर नाक मुरडलं. "इथे गाडीच्या धुराचा वास येतोय."

मी काय सांगणार? माझं नाक माझ्याआधी दहा वर्षं निवृत्त झालं. आगाराच्या धुरानेच खाल्लं. चहासुद्धा मी गरम आहे म्हणून पितो.

हीच म्हणाली, "अगं, तो यांचा वास. लग्न झाल्यापासून आहे. कपडे धुतले तरी जात नाही. मला आता कळतसुद्धा नाही."

"कळत नाही काय! डोकं चढलं माझं." अक्का शाल घेऊन अंगणात जाऊन बसल्या आणि पाच वाजता इंजिन बंद झाल्यावरच आत आल्या. एकवीस अंशांत बसायचं सोडून थंडीत बसल्या! हार मानायची नसली की माणूस काय काय करतो.

२८ नोव्हेंबर

अक्का आज गेल्या. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "खोली गरम आहे, कबूल. पण तिचा चेहरा मला बरा दिसत नाही."

"गालांवर लाली आलीये, बघितलं नाही का?"

"बघितलं. म्हणूनच म्हणतेय."

काहीतरी बोलायचं म्हणून बोलणं. तरी मनाला लागलं ते वासाचं. आज दोनदा आंघोळ केली, ब्रश घेऊन. नवीन साबण. आगाराचा कोट आणि मफलर शेडमध्ये खुंटीला लावून ठेवले. दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर हसलो असतो, पण हिला चौतीस वर्षं माझा वास सहन करावा लागला हे मनात राहिलं.

१ डिसेंबर

जुन्या गावी, आगारात आलोय. दोन बसगाड्या भंगारात निघाल्या आहेत, त्यांतले प्रवाशांसाठीचे हीटर मिळतील असं भांडारवाल्याने कळवलं होतं. झोपायच्या खोलीसाठी एक असावा. जनरेटर चालू-बंद करायला हिला शिकवलंय, बटण दाबायचं एवढंच. मुक्काम आगाराच्या विश्रामगृहात.

संध्याकाळी फोन केला. म्हटलं, एकटं वाटतंय का? ती म्हणाली, "नाही. तुम्ही नसलात तरी खोलीत तुमचा वास आहे. डोळे मिटले की वाटतं तुम्ही शेजारीच बसलाय."

आमच्यात असं बोलायची पद्धत नाही. मी डिझेल किती आहे ते विचारलं. पण हे वाक्य इथे लिहून ठेवतो. असं वाक्य कोणी मला आयुष्यात म्हटलेलं नाही.

२ डिसेंबर

बस स्थानकावर बसून लिहितोय.

भांडारवाल्याने हीटर काढून दिले. विचारलं, "घरी काय केलंयस? पाणी की हवा?" मी म्हटलं, हवा. त्याने हातातलं काम थांबवून वर पाहिलं. "हवा? इंजिनाची? अरे, नव्या पोरांना पहिल्या दिवशी तूच शिकवायचास. प्रवाशाला इंजिनाचं पाणी द्यायचं, इंजिनाची हवा कधी द्यायची नाही." मी म्हटलं माझं इंजिन ठणठणीत आहे, आणि रागाने निघून आलो.

स्थानकावर वही उघडली ती कालचं वाक्य पुन्हा वाचायला.

तुम्ही नसलात तरी खोलीत तुमचा वास आहे.

मी गेले चार दिवस ब्रशने अंग घासतोय. कपडे धुतलेले. कोट-मफलर शेडमध्ये. आणि मी तर इथे आहे. मग खोलीत वास कोणाचा?

मागची पानं वाचली. इंजिन चालू, डोकं दुखतं. इंजिन बंद, गुणगुणते. अक्का अंगणात. सगळं माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे.

घरी फोन लागतोय, उचलत नाही. पाच वेळा केला. पाऊण वाजलाय, इंजिन अकरापासून चालू असणार. पत्र्याला केला. म्हटलं, धाव, खिडकी फोड, तिला बाहेर काढ, काही विचारू नकोस. त्याने विचारलं नाही.

२ डिसेंबर, पुन्हा

बसमध्ये. पत्र्याचा फोन आला. श्वास आहे. दवाखान्यात नेलं.

३ डिसेंबर

शुद्धीवर आहे. तोंडावर प्राणवायूचा मास्क. डॉक्टर म्हणाले, धुरातल्या विषारी वायूने रक्तात ठाण मांडलं होतं. आणखी अर्धा तास गेला असता तर बोलायला काही राहिलं नसतं. त्या वायूला स्वतःचा वास नसतो, धुराला असतो. गालांची लाली म्हणजे त्याचीच खूण असते कधी कधी. मी ती लाली या वहीत कौतुकाने लिहून ठेवली आहे.

मास्क काढल्यावर मी तिला विचारलं, "वास येत होता ना तुला?"

"येत होता."

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं तुम्हीच आहात." मग म्हणाली, "चौतीस वर्षं तुम्ही घरी आलात की हाच वास आला. मला कसं कळणार की या वेळी तुम्ही नाही?"

मी बाहेर व्हरांड्यात जाऊन रडलो. लपवायचं कशाला, वहीच तर आहे. इंजिनाने काही केलं नाही. मी केलं. चोवीस दिवसांच्या घाईत मी जवळचा रस्ता घेतला, खिडक्या स्वतःच्या हाताने बंद केल्या आणि जो जो बोलला त्याची चेष्टा केली.

अक्का संध्याकाळच्या गाडीने आल्या. मी उभा राहिलो, म्हटलं, "अक्का, तुमचं नाक खोटं नव्हतं."

"नव्हतं," म्हणाल्या. मग बराच वेळ शेजारी बसल्या आणि थर्मासमधला चहा ओतून माझ्या हातात दिला. त्या ओरडतील म्हणून मी तयारी केली होती. चहाची केली नव्हती.

५ डिसेंबर

इंजिन उघडलं. धूर बाहेर नेणाऱ्या ओतीव नळाला, मागच्या बाजूला, केसाएवढी भेग. बाहेर काजळीची काळी रेघ. नाक असलेल्या कोणत्याही मेकॅनिकला पहिल्या दिवशी कळलं असतं. आणि पंखा तिथूनच हवा ओढत होता, पत्र्याने विचारलं होतं तसं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. गावभर वीज गेली तरी माझ्या घरात दिवे असतात.

पत्र्या मदतीला आला. आम्ही दोघांनी मिळून तो सुंदर दीड फुटी नळ भिंतीतून उपटला. भोक बुजवलं.

ही उद्या अक्कांबरोबर जाते आहे. ठरल्याप्रमाणे मीच गाडीत बसवून देणार.

६ डिसेंबर

बसवून दिली. गाडी सुटताना खिडकीतून म्हणाली, "मफलर घालत जा, थंडी आहे." मी म्हटलं, "तो जाळणार आहे मी." ती म्हणाली, "नका जाळू." गाडी सुटली.

घर १०.

८ डिसेंबर

अक्कांनी फोनवर विचारलं, "आता तरी ते यंत्र विकणार ना?" मी म्हटलं नाही. मी म्हटलं, ऊब चुकीची नव्हती, वाट चुकीची होती. वाट बदलतो. तुम्ही म्हणाल तो माणूस आणून तपासा, तुम्ही स्वतः तपासा, दोन दिवस खोलीत बसून. तुमचं नाक पास म्हणेल तेव्हाच तिला पाठवा. आणि नाही म्हणालात तर चार महिने तिकडेच, मी तक्रार करणार नाही.

"इकडे तिची बोटं छान चालतायत," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, ऐकून बरं वाटलं. वाटलंही. आणि वाईटही वाटलं.

१३ डिसेंबर

इंजिन घरापासून हलवलं. अंगणाच्या पार टोकाला, कुंपणाशी, घरापासून वीस पावलं. पत्र्याने तिथे नवी टपरी उभी केली, चारी बाजूंनी जाळी. धुराचा नळ नवा, टपरीच्या वर दोन पुरुष उंच. आता घरात फक्त पाणी येणार. दोन नळ्या, एक येणारी, एक जाणारी; लाकडी पेटीत भुसा भरून त्यातून. खोलीत बसचे हीटर. हवा ज्या खोलीची त्याच खोलीत फिरणार.

कंबर मोडली. पण हे करायचं म्हणजे करायचं.

१८ डिसेंबर

चालू केलं. खोली २२, आणि इंजिन काळं ओकायला लागलं. दोन तास डोकं खाजवत बसलो. मग कळलं: घर एवढी ऊब ओढतंय की इंजिन स्वतः तापतच नाही. थंड इंजिन अर्धवट जाळतं. गरम पाण्याच्या वाटेवर जुना थर्मोस्टॅट बसवला. आता आधी इंजिन स्वतः तापतं, मग झडप उघडते आणि उरलेलं घराला जातं. धूर स्वच्छ. पत्र्याच्या नाकाप्रमाणे. माझ्या नाकाची साक्ष मी आता कुठेच काढत नाही.

उरलेली ऊब दोनशे लिटरच्या पिंपात साठवली. पिंपाला हिच्या जुन्या गोधड्या गुंडाळल्या. इंजिन पाचला बंद झालं तरी सकाळी खोली १७.

खोलीत थर्मामीटरशेजारी विषारी वायूचा भोंगा लावला. अग्निशमनचा माणूस येऊन तपासून गेला. एक झोपायच्या खोलीतही. रबराच्या पट्ट्या खिडकीच्या वरच्या फटीवरून उपटून टाकल्या. एक अंश गेला तर गेला.

२७ डिसेंबर

अक्का आल्या, एकट्या. दोन दिवस खोलीत खुर्ची टाकून बसल्या. मीही समोर, परीक्षेला बसल्यासारखा. वाचत होत्या, मध्येच मान वर करून नाकाने हवा ओढायच्या. मी खुर्चीतून अर्धा उठायचो.

काल दुपारी एकदम म्हणाल्या, "आला वास!"

मी उडी मारून उठलो, खिडकी उघडली, टपरीकडे धावायला लागलो. त्या म्हणाल्या, "थांबा. इकडे या." माझ्या बाहीचा वास घेतला. "तुम्हीच आहात."

मग मीच नियम केला. टपरीत कामाचे कपडे वेगळे. घरात यायच्या आधी मोरीत आंघोळ, धुतलेले कपडे, नंतरच खोलीत पाऊल. या घरात धुराचा वास आला तर त्याचा एकच अर्थ निघाला पाहिजे. दोन अर्थ निघाले म्हणून माणूस जात होता.

अक्कांनी ऐकून मान हलवली. "चौतीस वर्षांत पहिल्यांदा शहाण्यासारखं बोललात."

तो मफलर जाळायला शोधला. खुंटीवर नाही.

४ जानेवारी

आली. कामाच्या खोलीत उभी राहिली, थर्मामीटर बघितला, हीटरवर हात धरला, भोंग्याकडे बघितलं. मी नुकताच अंघोळ करून उभा होतो, शाळेच्या पहिल्या दिवसासारखा. तिने जवळ येऊन माझ्या खांद्याशी नाक नेलं.

"कशाचाच वास नाही तुम्हाला," म्हणाली.

"नाहीच येणार आता!" मी अभिमानाने सांगितलं.

"हं," म्हणाली.

दमली असेल प्रवासाने. खोली २१. बोटं चांगली. डोकं: नाही.

११ जानेवारी

आठ दिवस सलग. वीसच्या खाली एकदाही नाही. भोंगा मुका. रोज दर तासाला मी विचारतो, "वास?" ती "नाही" म्हणते आणि मी लिहितो. आज म्हणाली, "किती वेळा विचाराल हो?" मी म्हटलं, तू आहेस तोपर्यंत. नाक तुझं, इंजिन माझं.

काम भरपूर आलंय. रोज चारच्या सुमाराला बटणांचा डबा घेऊन फाटकापर्यंत जाते, पाच-दहा मिनिटांनी येते. बटणांचे रंग उजेडात जुळवते म्हणे. खिडकीतल्या उजेडात काय वाईट आहे कोण जाणे.

१९ जानेवारी

भांडारवाल्याला पत्र लिहिलं. त्या दिवशी रागाने निघून आलो त्याची माफी मागितली. सोबत थर्मोस्टॅट जोडणीची आकृती, त्याच्या पोरांना शिकवायला. खाली मोठ्या अक्षरात: इंजिनाची हवा कधी द्यायची नाही.

२६ जानेवारी

माझ्या सदऱ्याचं बटण तुटलं. ही वकिलाकडे कोट पोचवायला गेली होती, म्हणून मीच बटणांचा डबा उघडला. पत्र्याचा डबा, झाकण एवढं घट्ट की चमच्याने उचकावं लागलं. आत एकही बटण नाही. माझा आगाराचा मफलर, चारपदरी घडी घालून, बरोबर बसवलेला.

आली तेव्हा विचारलं, हा इथे कसा? ती एकदम लाल झाली. मी घाबरून आधी भोंग्याकडे पाहिलं. भोंगा गप्प होता.

"अक्काकडून मागवून घेतला होता. कसर लागू नये म्हणून ठेवलाय," म्हणाली.

आता, तेलकट कापडाला कसर तोंड लावत नाही हे तिनेच मला कधीतरी शिकवलं होतं. सगळा जन्म कसरीची भोकं बुजवण्यात गेला तिचा. विसरली असेल. वय झालं आता आमचं दोघांचं.

म्हटलं, ठीक आहे, ठेव, पण घरात उघडायचा नाही, नियम आहे.

"घरात नाही उघडत," ती म्हणाली. "फाटकाशी जाऊन उघडते."

मी झाकण परत घट्ट दाबून बसवलं, वर ठोसा मारून. पत्र्याने केलेला डबा आहे, हवा जायची नाही.

खोली २१. वास: नाही.